विश्लेषण : मुलांच्या निरीक्षणावर भर, पण त्यासाठी लक्ष आणायचे कुठून? अंगणवाडीतील ‘पाहण्या’चा प्रश्न काय?

तीन ते सहा वर्षांच्या मुलांची परीक्षा घेऊ नका, त्यांचे निरीक्षण करा, असे देशाचा नवा अभ्यासक्रम आराखडा सांगतो. अंगणवाडी सेविकांचे प्रशिक्षणही त्याच दिशेने सुरू आहे. मात्र त्याच सेविकेच्या हातातील मोबाइलवर हजेरी, वजन, उंची, आहार वाटप आणि आता चेहरा पडताळणी अशा कामांची रांग लागली आहे. मुलांकडे लक्ष देऊन पाहणे हे कौशल्य काय असते, ते का निसटते आणि ते टिकवण्यासाठी काय करता येईल, याचा आढावा.

निरीक्षणाचा मुद्दा आताच का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पूर्वप्राथमिक टप्प्याला प्रथमच औपचारिक शिक्षणाच्या रचनेत स्थान दिले. मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो, हा या धोरणातील सर्वाधिक उद्धृत केला जाणारा दाखला. त्यानंतर २० ऑक्टोबर २०२२ रोजी पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा जाहीर झाला. तीन ते आठ वर्षे वयोगटासाठीच्या या आराखड्यात तोंडी वा लेखी चाचण्या या वयासाठी अयोग्य ठरवण्यात आल्या. मूल काय शिकले हे समजून घेण्याचे दोन मार्ग त्यात सांगितले आहेत : मुलाचे निरीक्षण आणि त्याने केलेल्या चित्रांचा, वस्तूंचा, कामाचा अभ्यास.

मे २०२३ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला. अंगणवाडीत रोज किमान दोन तास दर्जेदार पूर्वशालेय शिक्षण व्हावे, हा त्याचा उद्देश. मार्च २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ असे दोन दस्तऐवज आले. नवचेतनात ३६ महिन्यांच्या वेळापत्रकात १४० कृती दिलेल्या आहेत. यातील प्रत्येक कृतीचा अर्थ मुलाचा प्रतिसाद पाहिल्यावरच लागतो. म्हणजे कागदोपत्री तरी अंगणवाडीतील शिक्षणाचा पाया आता निरीक्षण हाच आहे.

निरीक्षण म्हणजे नेमके काय?

मुलांवर लक्ष ठेवणे आणि मुलांचे निरीक्षण करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात सुरक्षिततेचा विचार असतो : कोणी पडत नाही ना, कोणी बाहेर पळत नाही ना, तोंडात खडा घातला नाही ना. दुसऱ्यात प्रश्न वेगळा असतो : हे मूल आत्ता काय करते आहे, कसे करते आहे आणि त्यातून काय कळते?

सर्वात मोठी गल्लत होते ती दिसलेले आणि वाटलेले यांत. उदाहरणार्थ, ‘अमुक मुलगा हट्टी आहे’ हे निरीक्षण नाही, तो निष्कर्ष आहे. ‘शेजारच्याने ठोकळे घेतल्यावर त्याने दोनदा ‘माझं’ म्हटले, मग भिंतीकडे तोंड करून बसला. पाच मिनिटांनी स्वतःहून परत आला’ हे निरीक्षण. पहिल्या वाक्याने मुलावर शिक्का बसतो. दुसऱ्या वाक्यातून त्याला शब्द येतात, तो मारामारी करत नाही आणि स्वतःला सावरतो, हे तीन मुद्दे हाती लागतात.

नोंदीचे काही रूढ प्रकार आहेत. एखाद्या प्रसंगाची चार ओळींची नोंद, ठरलेल्या कौशल्यांची तपासणी सूची, एखादी वागणूक किती वेळा आणि कधी होते याची मोजणी, आणि चित्रे व हस्तकामांचा मुलागणिक संग्रह. यांपैकी कोणताही प्रकार वापरला तरी मूळ अट एकच : नोंद करणाऱ्या व्यक्तीने त्या वेळी खरोखर पाहिलेले असले पाहिजे.

त्यातून मुलाच्या पदरात काय पडते?

कमी ऐकू येणारे मूल हे याचे सर्वात ठळक उदाहरण. असे मूल चार वर्षांचे असताना ‘मला ऐकू येत नाही’ असे सांगत नाही. पूर्ण ऐकू येणे म्हणजे काय, हेच त्याला ठाऊक नसते. ते इतर मुलांकडे पाहून एक क्षण उशिरा टाळ्या वाजवते, गाण्याच्या वेळी ओठांकडे टक लावून पाहते, पाठीमागून हाक मारली तर वळत नाही. वरवर पाहता ते ‘शांत’ किंवा ‘लक्ष न देणारे’ मूल ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांमधील सुमारे ६० टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोग्या कारणांमुळे होतात. वारंवार होणारा कानाचा संसर्ग हे त्यातील एक. तो वेळीच लक्षात आला, तर भाषा शिकण्याची मोलाची वर्षे वाचतात.

हेच दृष्टिदोष, उशिरा बोलणे, स्वमग्नता, हालचालीतील अडचणी यांबाबत खरे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची आरोग्य पथकामार्फत वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. या कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाली होती. जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता, आजार आणि विकासातील विलंब असे चार गट त्यात तपासले जातात. गरज भासल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धतीही जाहीर झाली.

मात्र तपासणी पथक एका मुलाला काही मिनिटेच पाहते, तेही अनोळखी माणसांना बिचकलेल्या अवस्थेत. सेविका त्याच मुलाला आठवड्यातून सहा दिवस खेळताना, जेवताना, रडताना पाहते. पथकाला ‘या मुलाकडे जरा नीट बघा’ असे सांगू शकणारी तीच. तिच्या नजरेतून मूल सुटले, तर पुढची चाळणी सहसा थेट पहिलीच्या वर्गात लागते.

कुपोषणाबाबतही वजनाचा काटा सगळे सांगत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, तर सुमारे २६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आहेत. वजन महिन्यातून एकदा होते. ताटातला भात रोज अर्धा टाकणारे, खेळ सुरू होताच दमून बसणारे मूल मात्र त्याआधी दिसू शकते.

डोळ्यांसमोर असूनही का दिसत नाही?

याचे उत्तर आळस किंवा बेफिकिरी असे सोपे नाही. मानवी लक्षाला मर्यादा असतात आणि त्या अनुभवी, मन लावून काम करणाऱ्या माणसालाही चुकत नाहीत.

डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांचा १९९९ मधील प्रयोग प्रसिद्ध आहे. चेंडू एकमेकांकडे टाकणाऱ्या खेळाडूंची चित्रफीत दाखवून प्रेक्षकांना चेंडू किती वेळा टाकला हे मोजायला सांगितले गेले. मधेच गोरिलाच्या वेशातील व्यक्ती पडद्यावरून चालत गेली. सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. २०१३ मध्ये असाच प्रयोग क्ष-किरणतज्ज्ञांवर झाला. फुप्फुसांच्या प्रतिमांमध्ये गाठी शोधणाऱ्या २४ तज्ज्ञांपैकी २० जणांना त्याच प्रतिमेत टाकलेले गोरिलाचे चित्र लक्षात आले नाही. डोळे ज्या गोष्टीच्या शोधात असतात, तीच त्यांना दिसते. हजेरीसाठी डोकी मोजणाऱ्या सेविकेला डोकी दिसतात. त्यातले एक डोके सतत एका बाजूला कलते, हे दिसेलच असे नाही.

दुसरी मर्यादा वेळेची. दुसऱ्या महायुद्धात रडारवर नजर ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या नजरेतून खुणा का सुटतात, याचा अभ्यास ब्रिटनमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी केला. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पहिल्या अर्ध्या तासानंतरच नजर चुकण्याचे प्रमाण वाढते. म्हणजे ‘दिवसभर सगळ्या मुलांकडे बारकाईने पाहा’ ही सूचना अमलात येणे अशक्यच.

तिसरी मर्यादा कामांच्या अदलाबदलीची. एका कामावरून दुसऱ्याकडे वळताना मनाचा एक भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये याला ‘लक्षाचा उरलेला गाळ’ अशा अर्थाचे नाव दिले. पहिले काम अर्धवट सुटले असेल तर हा गाळ अधिक. अर्धवट भरलेला अर्ज आणि गोल गोल फिरणारे नेटवर्कचे चक्र सोडून गोष्ट सांगायला बसलेली सेविका शरीराने मुलांमध्ये असते. मन मोबाइलमध्येच राहते.

पूर्वग्रहांचा संबंध कसा?

लक्ष कुठे जाते, हे आपण कोणाकडून काय अपेक्षा करतो यावरही ठरते. येल विद्यापीठाच्या बाल अभ्यास केंद्रातील वॉल्टर गिलियम आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पूर्वप्राथमिक शिक्षकांना मुलांच्या खेळाच्या चित्रफिती दाखवल्या. त्यात त्रासदायक वर्तन शोधायचे होते. प्रत्यक्षात कोणतेच मूल तसे वागत नव्हते. तरीही शिक्षकांची नजर कृष्णवर्णीय मुलग्यांवर अधिक काळ खिळली, असे डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्रावरून दिसले.

हा प्रयोग अमेरिकेतील असला तरी त्यातला धडा तिथल्यापुरता नाही. आपल्याकडे वस्ती, जात, घरची बोली, मुलगा की मुलगी यांवरून अपेक्षा ठरतात. घरी भिली, कोरकू, गोंडी किंवा वारली बोलणारे मूल प्रमाण मराठीतील प्रश्नाला गप्प राहिले, तर ते ‘मागे’ आहे असे चटकन ठरवले जाते. तेच मूल मैदानात आपल्या भाषेत खेळाचे नियम इतरांना समजावत असते. ते ऐकायला कोणी थांबले नाही, तर नोंदवहीत फक्त त्याचे गप्प राहणे उरते.

नजर खेचून घेणारी मुलेही ठरलेली असतात : फार खोडकर आणि फार चुणचुणीत. मधली मुले, त्यातही शांत मुली, कोणालाच त्रास देत नाहीत. त्यामुळे त्यांच्याकडे पाहायचे राहून जाते.

अंगणवाडी सेविकेचे लक्ष कुठे विभागले जाते?

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख, तर राज्यात सुमारे एक लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, पूर्वशालेय शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा या सहा सेवा एक सेविका आणि एक मदतनीस यांच्यामार्फत पोहोचतात. गरोदर आणि स्तनदा माता, सहा महिन्यांपासूनची बाळे आणि गृहभेटी हेही त्यांच्याच वाट्याला. त्याशिवाय वेळोवेळी सर्वेक्षणे आणि इतर योजनांची कामे येतात. २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरून घेण्यातही सेविकांचा मोठा वाटा होता.

मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ ॲप आले. सुरुवातीच्या इंग्रजी ॲपमुळे आणि सतत बंद पडणाऱ्या मोबाइलमुळे महाराष्ट्रातील सेविकांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यात झालेल्या प्रदीर्घ संपात मानधनवाढीबरोबरच चांगल्या मोबाइलचीही मागणी होती. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी चेहरा पडताळणी बंधनकारक झाली. लाभार्थी किंवा पालकाचा फोटो काढणे, आधारशी जुळवणे, जुळले नाही तर पुन्हा प्रयत्न करणे, आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद असेल तर तो प्रश्न सोडवणे अशी ही साखळी आहे. नेटवर्क नसलेल्या पाड्यावर ती किती लांबते, याच्या तक्रारी सेविकांच्या संघटना सातत्याने करत आहेत.

या सगळ्यात मोजले जाते ते भरलेल्या रकान्यांना. नोंद अपुरी राहिली तर पर्यवेक्षिकेचा फोन येतो. एखाद्या मुलाकडे पंधरा दिवस कोणी नीट पाहिले नाही, तर मात्र कोणाचाच फोन येत नाही. ज्याची विचारणा होते ते काम आधी होते, हा कोणत्याही कार्यालयाचा नियम इथेही लागू पडतो.

मग तंत्रज्ञानच नको का?

असा निष्कर्ष घाईचा ठरेल. पोषण ट्रॅकरपूर्वी सेविकांना जाडजूड रजिस्टरे हाताने भरावी लागत. वाढीचा आलेख ॲपवर आपोआप तयार होतो, घसरणारे वजन पटकन दिसते, स्थलांतरित कुटुंबाची माहिती नव्या गावात मिळू शकते. आहाराची गळती रोखणे हा चेहरा पडताळणीमागील हेतूही रास्त आहे.

प्रश्न ॲप कोणत्या वेळी हातात घ्यावे लागते याचा आहे. मुलांसोबतच्या दोन तासांतच नोंदी भराव्या लागत असतील, तर शिक्षणाचा वेळ कागदावर पूर्ण आणि प्रत्यक्षात अर्धा होतो. शिवाय वजन, उंची, हजेरी हे आकडे ॲपमध्ये बसतात. ‘आज प्रथमच दुसऱ्या मुलीशी बोलली’ हे बसत नाही.

हीच गोष्ट कॅमेऱ्यांची. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूर प्रकरणानंतर राज्यात शाळांमध्ये सीसीटीव्ही बसवण्याच्या सूचना निघाल्या. ते आवश्यकच आहे. पण कॅमेरा घडून गेलेले जपून ठेवतो. काल हसत येणारे मूल आज दारातच का थबकले, हा प्रश्न कॅमेऱ्याला पडत नाही. तो मुलाला रोज पाहणाऱ्या माणसालाच पडू शकतो.

महाराष्ट्राला या विषयाचा वारसा कोणता?

भारतात ‘अंगणवाडी’ ही कल्पना रुजली ती निरीक्षणातूनच. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले ‘बालगृह’ सुरू केले. मोठ्यांनी मधे न पडता पाहावे आणि मग वातावरण बदलावे, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरमध्ये ती पद्धत भारतीय परिस्थितीत आणली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

१९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. आदिवासी मुले बालवाडीत का येत नाहीत, याचा शोध त्यांनी घेतला, तेव्हा उत्तर मुलांच्या दिनक्रमात सापडले. मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळत होती, कोणी गुरे राखत होते. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. गुरे चरतात तिथे गेली, ती कुरणशाळा. पुढे कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली, म्हणजे धाकट्याला कडेवर घेऊन आलेल्या मुलीलाही वर्गात बसता येईल. मुले का येत नाहीत, याचा दोष मुलांना किंवा पालकांना न देता आधी त्यांच्याकडे पाहिल्यामुळे हे घडले. आजच्या योजनेच्या नावात हा इतिहास आहे. कामाच्या पद्धतीत तो किती उरला, हा प्रश्न आहे.

इतर देशांनी काय मार्ग काढला?

इंग्लंडमध्ये पूर्वप्राथमिक शिक्षकांवर निरीक्षणांच्या नोंदी आणि फोटोंचा भार इतका वाढला होता की २०२१ मध्ये नियमावली बदलावी लागली. मूल्यमापनासाठी मुलांशी चाललेला संवाद दीर्घकाळ तुटता कामा नये आणि अवाजवी कागदपत्रे मागू नयेत, असे तेथील वैधानिक आराखडाच सांगतो. मुले जेवत असताना ती कर्मचाऱ्याच्या नजरेच्या आणि कानांच्या टप्प्यात असलीच पाहिजेत, अशी अटही त्यात आहे.

न्यूझीलंडमध्ये मार्गारेट कार यांनी ‘शिकण्याच्या गोष्टी’ ही पद्धत रुजवली. मुलाला काय येत नाही याची यादी करण्याऐवजी, त्याने काय केले याची छोटी गोष्ट लिहायची आणि ती पालकांना व मुलालाही वाचून दाखवायची. बेल्जियममधील ल्यूवेन येथे फेरे लावर्स यांनी मूल कृतीत किती रमले आहे, हे पाच पायऱ्यांवर पाहण्याची मोजपट्टी तयार केली. रमलेले मूल शिकत असते, हे त्यामागचे गृहीतक.

या देशांतील मुलांचे प्रमाण मात्र वेगळे आहे. इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक प्रौढ लागतो. भारताच्या २०१३ च्या बालशिक्षण धोरणाशी निगडित निकषांत तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे एक आणि त्याखालील १० मुलांमागे एक असे प्रमाण धरले आहे. अंगणवाडीत सेविका नोंदींत आणि मदतनीस चुलीपाशी असेल, तर मुलांमध्ये प्रत्यक्ष किती प्रौढ उरतात, हे वेगळे सांगायला नको.

मर्यादित वेळेत काय शक्य आहे?

थोडे गणित उपयोगी पडते. अंगणवाडीत २५ मुले आहेत असे समजू. रोज दोनच मुले निवडून प्रत्येकी पाच मिनिटे नीट पाहिले, तर २४ कामाच्या दिवसांत ४८ निरीक्षणे होतात. म्हणजे प्रत्येक मुलाकडे महिन्यातून जवळपास दोनदा लक्षपूर्वक पाहिले जाते. दिवसाला लागतात दहा मिनिटे. सगळ्यांकडे सतत पाहण्याच्या अशक्य अपेक्षेपेक्षा हे साध्य होणारे आहे आणि लक्ष टिकण्याच्या मर्यादेतही बसते.

त्यासाठी काही साध्या गोष्टी उपयोगी ठरतात.

• त्या दहा मिनिटांत मोबाइल पिशवीत किंवा कपाटात. तेवढा वेळ इतर मुलांकडे मदतनीस पाहील, हे आधी ठरवलेले असावे.

• मुलांच्या उंचीला येऊन, थोडे बाजूला बसून पाहावे. लगेच प्रश्न विचारू नयेत. मोठ्या माणसाने विचारले की मूल खेळ सोडून उत्तर शोधू लागते.

• पाहताना एकच प्रश्न मनात धरावा : आज हात कसे चालतात? आज कोणाशी बोलते? आज हाकेला वळते का? प्रश्न बदलत राहिला की दरवेळी वेगळे काही दिसते.

• नोंद दोन-तीन ओळींचीच, पण मुलाच्या शब्दांत. ‘छान बोलते’ऐवजी ते नेमके काय बोलले, हे लिहावे. नोंद त्याच दिवशी व्हावी. आठवड्याने आठवून लिहिलेली नोंद बहुधा अंदाज असतो.

• आठवड्याच्या शेवटी वही चाळून कोणाचे पान कोरे आहे ते पाहावे. कोरे पान मुलाबद्दल काही सांगत नाही, आपली नजर कुठे गेली नाही ते सांगते. पुढच्या आठवड्याची सुरुवात त्या नावांपासून व्हावी.

• मदतनिसाला विचारावे. ताट वाढताना, हात धुवून देताना तिला दिसणारे मूल वेगळे असते.

यंत्रणेने काय बदलायला हवे?

ही कौशल्ये सेविकेने शिकावीत, असे म्हणून जबाबदारी तिच्यावरच ढकलणे योग्य नाही. केंद्राकडून मिळणारा मानधनाचा हिस्सा ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेसाठी दरमहा साडेचार हजार आणि मदतनिसासाठी सव्वादोन हजार रुपयांच्या आधारावर ठरतो. उरलेला भार राज्य उचलते. सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. त्या कर्मचारी नव्हे तर ‘मानसेवी’ आहेत, ही भूमिका आणि त्यांच्याकडून असलेल्या व्यावसायिक अपेक्षा यांचा मेळ बसत नाही.

तातडीने करता येण्याजोगे बदल तीन. पहिला, पूर्वशालेय शिक्षणाचे दोन तास नोंदी, बैठका आणि फोनपासून मुक्त ठेवणे. वाटप व पडताळणीसाठी वेगळी वेळ ठरवणे. दुसरा, एकच माहिती ॲपवर आणि रजिस्टरमध्ये दोनदा मागणे बंद करणे. तिसरा, पर्यवेक्षिकेने भेटीत रकाने तपासण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे : ‘या महिन्यात कोणत्या मुलामध्ये काय बदल दिसला?’ विचारणा बदलली, की लक्षही तिकडे वळते.

खासगी नर्सरी आणि प्लेग्रुपलाही हा प्रश्न लागू आहे. तिथे सरकारी ॲप नसते, पण पालकांच्या व्हॉट्सॲप गटासाठी दिवसभर फोटो काढावे लागतात. पंधरा मुलांना रांगेत बसवून, हसवून काढलेला फोटो हा मुलांकडे पाहिल्याचा पुरावा नाही.

पालकांनी काय विचारावे?

घरी आल्यावर ‘आज काय शिकवले?’ हा प्रश्न बहुतेक पालक मुलाला विचारतात. त्याबरोबरच महिन्यातून एकदा सेविकेला किंवा नर्सरीतील ताईंना विचारावे : तो कोणाबरोबर खेळतो? कशात रमतो? कशाला घाबरतो? उत्तरात एखादा प्रसंग आला, तर मुलाकडे कोणी तरी पाहते आहे असे समजावे. ‘ठीक आहे, काही त्रास नाही’ एवढेच उत्तर आले, तर पुढच्या वेळी पुन्हा विचारावे. घरी दिसलेल्या गोष्टीही सांगाव्यात. माता व बाल संरक्षण कार्डावर वयानुसार विकासाचे टप्पे दिलेले असतात, ते सोबत ठेवावे.

अंगणवाडी योजनेने नुकतीच ५० वर्षे पूर्ण केली. पहिल्या अर्धशतकात प्रश्न होता मूल अंगणवाडीच्या पटावर आहे का. आता जवळपास प्रत्येक मुलाचे नाव, वजन आणि आधार क्रमांक यंत्रणेपाशी आहे. त्या नोंदीमागील मूल कोणाच्या नजरेत आहे का, हे सेविकेला मिळणाऱ्या त्या दहा मोकळ्या मिनिटांवर ठरणार आहे.